बांगड्यांचा वास

मंगळवार, संध्याकाळ

सकाळपासून स्वयंपाकघरातली चिमणी नुसती घरघरत होती, धूर ओढतच नव्हती. जाळ्या गरम पाण्यात घासून धुतल्या, तरी तेच. शेवटी तशाच धुरात बांगडे तळले. वास पार घरापुढच्या बाल्कांवावर, ओसरीत बसलेल्या मामंजींपर्यंत गेला. हल्ली त्यांना हाताला धरून जेवायला आणावं लागतं, आज आपणहून दारात उभे.

"बांगडे तळतंस गो? तुझी सासू अशेच तळायची."

किती महिन्यांनी तिची आठवण काढली त्यांनी! मला चुलीपुढच्या सासूबाई दिसल्या. हाच वास असायचा तेव्हा घरभर. मामंजी पोटभर जेवले.

संध्याकाळी ह्यांनी पाइप सोडवून तेलाने चिकटलेली झडप साफ केली. चिमणी आता छान ओढते.

मासे तळताना लावू का? मामंजींचं दुपारचं सगळं सांगून ह्यांनाच विचारलं.

"नको," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.