खिडकीचे चार स्क्रू

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी तुम्हाला कधी काही लिहिलं नव्हतं. आज लिहितेय. आशीर्वाद मागायला नाही, हे आधीच सांगते, भांडायला. तुमच्या हयातीत ते जमलं नाही. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघायचात आणि मी आत निघून जायचे. आता मलाही चष्मा लागलाय, त्यामुळे तुमच्या चष्म्याची भीती उरलेली नाही.

आई आणि मी अजून नल्लकुंट्याच्या त्याच पोर्शनमध्ये राहतो, वरच्या मजल्यावरच्या त्याच दोन खोल्या. तुम्ही आयुष्यभर भाडं भरलंत. पुढे मालकाच्या मुलांनी घर विकायला काढलं तेव्हा आपलं पोर्शन मी घेतलं. पुढच्या खोलीत जिथं तुमचं नकाशे काढायचं तिरकं टेबल होतं तिथं आता माझं टेबल आहे. पाटबंधारे खात्याचे कालवे घेऊन तुम्ही रविवारी ज्या उजेडात बसायचात, त्याच उजेडात बसून मी कॉम्प्युटर जुळवते. तुमच्या काळी कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसातल्या थंडगार खोलीत पडद्याआड ठेवलेलं प्रकरण. आत जाताना चपला बाहेर काढायला लावतात, म्हणून तुम्ही घरी येऊन चिडायचात. माझ्याकडे येणाऱ्यांना मात्र छोटा कॉम्प्युटर हवा असतो, बुटांच्या खोक्याहून जरासा मोठा, आणि त्यातच त्यांना ग्राफिक्स कार्ड हवं असतं मोठ्यातलं मोठं. पडद्यावर चित्रं उभी करायचं सगळं जड काम हे कार्ड करतं. तीन पंखे, त्यांच्याखाली धातूच्या पातळ पात्यांचा जाड थर, आणि लांबी माझ्या कोपरापासून मनगटाच्या पुढपर्यंत. बाजारातले दुकानदार हे दोन्ही बघून हात वर करतात आणि गिऱ्हाइकाला माझा पत्ता देतात. हो, माझा.

यावर तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. "मावत नाही ना? मग परत पाठव."

तुमचा तो कागद आठवतो का? घरात काही नवीन घ्यायचं म्हटलं की तुम्ही आधी कात्री काढायचात. वस्तूच्या मापाचं वर्तमानपत्र कापून जमिनीवर अंथरायचात, आणि आम्ही आठवडाभर त्या कागदाला वळसा घालून जगायचं. कुणाचा पाय पडला की वस्तू नामंजूर. कापायचा तो इंग्रजी पेपर. मराठी पेपर पोस्टाने शिळा होऊन यायचा, पण त्याला कात्री लागलेली तुम्हाला चालत नसे. नारायणगुड्याची मावशी आली की दारातच थांबून विचारायची, "आज काय अंथरलंय गं? पाय कुठं ठेवू?" शिवणयंत्राच्या कागदावर माझा पाय पडला आणि आईचं शिवणयंत्र गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात बगळ्यासारखी चालत होते. लोकांना हे सांगितलं की हसतात. मीही हसते, पण मला त्याचं हसू येत नाही.

आणि ते कपाट. आईला लोखंडी कपाट हवं होतं, आरशाचं. तिच्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकांमध्ये होत्या आणि एक साडी काढायची तर तिला जमिनीवर आडवं व्हावं लागे. कपाटाचा कागद अंथरला गेला, आठवडा सुखरूप गेला, कुणाचा पाय पडला नाही. कपाट ढकलत आणलेल्या बंडीवरून आलं. दुकानदाराने किल्ली आईच्या हातात दिली होती आणि ती मुठीत धरून आई वर दारात उभी होती. हमालांनी कपाट उचललं आणि जिन्याच्या वळणावर ते अडलं. उभं करून बघितलं, आडवं करून बघितलं, भिंतीचे पोपडे पडले. मी वरून ओरडले, "अण्णा, खिडकीतून घेऊ या! जाळीला चारच स्क्रू आहेत." खालून एक हमाल म्हणाला, "बच्ची सई बोलरी साब, रस्सी से खींच लेते हम." तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "या घरात मोजमाप मी घेतो. तू आत जा." कपाट बंडीवर परत चढलं. आईने किल्लीसुद्धा परत दिली, पदराने पुसून.

तुम्ही खोली मोजलीत अण्णा, जिना मोजला नाहीत, आणि चूक मात्र कपाटाची ठरली. खरं तर मोजमापाचा प्रश्नच नव्हता. तुम्हाला खाली जाऊन घरमालकाला विचारायचं नव्हतं, की एका दुपारपुरती जाळी काढू का. शब्द टाकायची लाज वाटली तुम्हाला. हे आईने मला तुमच्या तेराव्यानंतर सांगितलं, भांडी विसळता विसळता, जशी काही ती दुसऱ्या कुणाच्या घरातली गोष्ट होती. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मलाही तुम्ही तसंच मोजलंत. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्समध्ये माझा नंबर लागला तेव्हा "हे तुझ्या मापाचं नाही" म्हणालात आणि मला कॉमर्सला घातलंत. वर बक्षीस म्हणून तुमची ऑफिसची स्टीलची फूटपट्टी दिलीत. मी हिशेब लिहायची नोकरी केली, आणि ऑफिसातला कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून बघत राहिले. मग एक दिवस तो यायच्या आत मीच उघडला. इलेक्ट्रॉनिक्स असं शिकले मी. उशिरा शिकले, पण शिकले, आणि ते माझ्या मापाचं निघालं.

आता भांडणाचं खरं कारण सांगते. मागच्या महिन्यात मलकपेठहून एक मुलगी आली, वडिलांना घेऊन. आपलीच मराठी माणसं. आजोबा बिदरकडची शेती सोडून इथं आलेले, वडिलांचं बाजारात बी-बियाणांचं दुकान. मुलगी चित्रं हलती करायचं काम करते, कार्टूनचं. ती काम करायची तो स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथलं मोठं कार्ड तिने विकत घेतलं, आणि आता घरून काम करायचं म्हणते. पण दिवसभर तिला दुकानात बसावं लागतं. वडील सरळ मुद्द्यावर आले. "ताई, साफ सांगतो. काउंटरखाली वजनं ठेवायचा खण हाय. त्यात बसलं तर ठेव म्हणलो मी हिला. नै बसलं तर कार्ड विकून टाकायचं आन् हे कार्टून बंद. कायकू उगी डोक्याला ताप." खणाचं माप म्हणून त्यांनी सुतळीला गाठी मारून आणल्या होत्या. मुलगी त्यांच्या मागे उभी राहून म्हणाली, "आंटी, प्लीज. छोट्या कार्डवर हे काम होतच नाही, पूरा सिस्टम हँग होतंय. हे एक प्रोजेक्ट मिळालंय, ते गेलं तर परत कोण देणार मला?"

मी सुतळीवरून कॉम्प्युटरचा डबा निवडला आणि पुठ्ठ्याचं खोटं कार्ड कापलं. तुमच्यासारखं सपाट नाही, जाडीसकट, थर चिकटवून. ते डब्यात अलगद बसलं. त्या दिवशी मी तुमच्यावर मनातल्या मनात इतकी खूश होऊन कुरघोडी केली की विचारू नका. मुलीला निरोप दिला, कार्ड घेऊन ये.

खरं कार्ड आलं आणि अडलं. त्याच्या एका टोकाला चपटा पत्रा असतो, डब्याच्या मागच्या फटीत अडकणारा. तो माझ्या पुठ्ठ्याला नव्हता. पत्रा फटीत जायचा तर कार्ड तिरकं करावं लागतं, आणि तिरकं केलं की दुसरं टोक डब्याच्या पुढच्या चौकटीवर आपटतं. आत कार्डाला जागा होती, पण त्या जागेपर्यंत जायला वाट नव्हती. मी वरून घालून बघितलं, बाजूने घालून बघितलं, चौकटीचा रंग खरवडला. सकाळ गेली. शेवटी मी खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "मावत नाही गं. परत घेऊन जा."

शब्द तुमचे, सूर तुमचा. हात वर गेला, तर चष्मा आधीच कपाळावर. मला स्वतःची इतकी किळस आली अण्णा, आणि तुमचा इतका राग आला, की तेवढा तुम्ही समोर असतानाही कधी आला नव्हता. मुलीने कार्ड पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड नीट दुमडत बसली. मग म्हणाली, "ठीक आहे आंटी. डॅडीला सांगते."

आई आतल्या खोलीत शेंगा सोलत होती. तुमच्यासमोर जिने कधी आवाज वाढवला नाही, ती आतून मोठ्याने म्हणाली, "काय झालं गं, अडलं का? मग जाळी काढून बघ की!"

डब्याची पुढची चौकट. चार कोपऱ्यांत चार स्क्रू. मी सगळीकडून कार्ड घुसवत बसले होते आणि जे अडवत होतं तेच काढायचं मला सुचलं नव्हतं. चौकट काढली, कार्ड समोरून सरळ आत सरकवलं, पत्रा फटीत बसला, चौकट पुन्हा लावली. नंतर विजेची वायर आडवी आली. ती वाकवून दाबली तर तापते, म्हणून काटकोनात वळणारा जोड आणून लावला. एकदा कार्ड बाहेर काढावं लागलं तेव्हा त्याला खालून धरून ठेवणाऱ्या खटक्यापर्यंत बोट जाईना. तो खटका मी तुमच्या फूटपट्टीने दाबला, कडेला चिकटपट्टी गुंडाळून. फूटपट्टीचा असा वापर बघून तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत. घ्यायचं होतंत.

कॉम्प्युटर पोचवायला मी स्वतः मलकपेठला गेले. खणात तो सुतळीच्या गाठींबरहुकूम बसला. वडिलांनी वाकून बघितलं, हात फिरवला आणि विचारलं, "गरम हवा जाईल कुठून?" मी म्हटलं, खणाची मागची फळी काढावी लागेल. "काउंटर माझ्या बापाच्या हातचं हाय ताई." मला वाटलं, संपलं, आता चष्मा कपाळावर जाणार. त्यांना चष्मा नव्हता. त्यांनी मुलीकडे बघितलं. ती बियाणांच्या पोत्याला टेकून उभी होती आणि खाली बघत होती. "पेचकस दे गं इकडं," ते म्हणाले, आणि मांडी घालून काउंटरमागे बसून, एकेक स्क्रू फिरवत, स्वतःच्या हाताने फळी काढली. पुसून पोत्यांमागे उभी करून ठेवली. एवढंच होतं, अण्णा. एका माणसाने खाली बसायचं होतं.

चहा आला तेव्हा त्यांनी विचारलं, "हे समदं शिकलात कुठं ताई? वडील शिकवले का?"

"नाही," मी म्हटलं. "आईने शिकवलं."

घरी येऊन मी आईला विचारलं, कपाट घ्यायचं का. ती म्हणाली, "आता काय ठेवू त्यात? चार लुगडी?" जेवताना तिने पुन्हा विषय काढला. "घेतलंसच तर आरसा मोठा बघ. तेव्हाचा बारकाच होता." खिडकीच्या जाळीचे स्क्रू गंजले होते, तेल सोडून दोन दिवस ठेवावे लागले, पण निघाले. कुणाला विचारावं लागलं नाही. उद्या सकाळी चार माणसं दोर घेऊन येणार आहेत आणि कपाट खिडकीतून आत येणार आहे. तुमच्या जिन्याला ते तोंडसुद्धा दाखवणार नाही.

हे पत्र मी कुठंही टाकणार नाही, टेबलाच्या खणात राहील. बोलायचं होतं ते बोलून झालं, आणि एक शब्दही मी मागे घेत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. कपाट पसंत करायच्या आधी मी खिडकी मोजली, जिनाही मोजला, सगळं बरोबर होतं, तरी पैसे द्यायला हात पुढे होईना. मग खालच्या मजल्यावरून तेलुगू पेपर मागून आणला, कारण आपल्याकडे आता कुठलाच पेपर येत नाही. कपाटाच्या मापाने कापला आणि भिंतीलगत अंथरला. तेव्हापासून आई काठी टेकत त्याला वळसा घालून जाते. मीही जाते. अजून त्यावर कुणाचा पाय पडलेला नाही.