बेनितामाईंच्या दारापर्यंतचे पक्षी

पिल्कोपाता, सोमवार, दुपार

सन्माननीय बेनितामाई,

टोपी हातात आणि मान खाली घालून माणूस तुमच्या दारात जसा उभा राहतो, तसाच मी इथे लाकडी बाकावर बसून तुम्हाला नमस्कार करतो आहे. गुडघा कसा आहे? डाव्याचं दुखणं थांबलं असेल तर आता उजव्याची पाळी असेल, थंडीत ते आलटून पालटूनच दुखतात. चुलीमागचे गिनीपिग वाढले असतील, काळी कोंबडी पुन्हा खुडूक बसली असेल, आणि तुमचा चष्मा मेंढीच्या पायाखाली गेल्यापासून पत्रं तुमची लेक देल्फिनाच वाचून दाखवते, तसं हेही ती वाचत असेल असं धरून चालतो. (देल्फिना, कंसातलं सगळं मनात वाचायचं. आवाज मध्येच थांबवू नकोस, त्यांना संशय येतो.) माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त झोप लागत नाही आणि अन्न जात नाही.

काल रविवारी तीन वाजता मी देल्फिनाला मागणी घालायला तुमच्या घरी यायचं ठरलं होतं. उसाची दारू आणि कोकाची पानं घेऊन मी यायचं आणि माझ्या वतीनं ट्रकवाल्या विल्बेरनं बोलायचं, कारण माझं वडीलधारं कुणी उरलेलं नाही आणि तुमच्यासमोर माझी ततपप होते. तुम्ही शेजारणींना बोलावलं असेल, बटाटे उकडले असतील, आणि मी आलो नाही. या वयात (मी बावन्न, देल्फिना शेहेचाळीस, देल्फिना, माफ कर) सोयरीक मागायला निघालेला माणूस वाटेतच हरवतो, हे ऐकायला बरं नाही, हे मला समजतं. शिवाय येत्या बुधवारी गिरणीवाला अन्सेल्मो त्याच कामासाठी तुमच्याकडे येणार आहे आणि त्याच्याकडे स्वतःची गिरणी व स्वतःचे सगळे दात आहेत, हेही मला समजतं. पण माई, मी आलो नाही तो पक्ष्यांमुळे. पक्ष्यांचा शब्द तुम्ही आजवर मोडला नाहीत, म्हणून तर हे लिहायचं धाडस करतो. छपरावर घुबड बसलं म्हणून तुम्ही थोरलीचं लग्न दोनदा पुढे ढकललंत आणि तिसऱ्या तारखेला नवरदेवच पळून गेला, तेव्हा घुबडाचं कसं खरं झालं, हे सगळं पाउकार्ताम्बो जाणतं.

तर सुरुवातीपासून सांगतो. पक्षी बघायला चार परदेशी ग्रिंगो आले होते आणि मी त्यांचा स्वयंपाकी होतो. खाली नदीनं सोडून दिलेल्या तळ्यापासून वर ढगांतल्या रानापर्यंत जेवढे दिसतील तेवढे पक्षी बघत जायचं, असा त्यांचा बेत. पक्षी दाखवणारा माणूस पहिल्याच दिवशी तापानं आडवा झाला. तेव्हा विल्बेर त्यांना म्हणाला, की काळजी करू नका, हा सातुर्निनो वीस वर्षं जंगलात आहे, याला सगळे पक्षी ठाऊक आहेत. ते खोटं नाही, पण मला ते शिजवण्यापुरते ठाऊक आहेत. ग्रिंगोंच्या म्होरक्या सेन्योरा मार्गारेट त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. तुमच्यासारख्याच उभ्या अंगाच्या आणि तुमच्यासारख्याच दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यावर तोडणाऱ्या. (देल्फिना, शेवटचं सोड.) तळ्यावर त्यांनी झाडावरचा एक तुरेवाला पक्षी दाखवून विचारलं, हा काय करतो. मी सांगितलं, हा भांड्याला वास लावतो, तीनदा घासलं तरी जात नाही. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, तुमची माणसं याला शुभ मानतात की अशुभ?

तिथे माझं चुकलं. मी त्यांना आपले खरे शकुन सांगितले. चिक्वा पक्षी नुसता स्वतःचं नाव घेऊन ओरडला तर माघारी फिरायचं, हसला तर पुढे जायचं. घुबड दिवसा बोललं तर पाऊल टाकायचं नाही. हमिंगबर्ड तोंडासमोर थांबला तर ज्या घरी निघालात तिथे तुमचं स्वागत होणार. बाई इतक्या हरखल्या की दुर्बीण गळ्यात तशीच लोंबकळत ठेवून त्यांनी वहीत नवा रकाना आखला आणि त्यानंतर दिसेल त्या पाखराचा शकुन विचारायला लागल्या. माई, खरे शकुन दुसऱ्या दिवशी सकाळीच संपले. एखाद्या पाखराला शकुनच नाही म्हटलं, की त्या माझ्याकडे असं बघायच्या, जसं मी सूप पातळ केलंय. तेव्हा मी बनवायला लागलो. पिवळा दिसला तर पत्र येणार. डोकं खाली करून चालणारा दिसला तर सासरी भांडण. टूकान एकटा दिसला तर कुणीतरी पडणार, जोडीनं दिसला तर चिंता नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गुरुवारी पिल्कोपात्याहून ट्रकनं निघालो. रस्त्याचे वार तुम्हाला मी सांगायला नकोत, पण सेन्योरा मार्गारेटना चारदा सांगावे लागले: सोमवार, बुधवार, शुक्रवार गाड्या खाली उतरतात, मंगळवार, गुरुवार, शनिवार वर चढतात, आणि रविवारी ज्याची त्याची मर्जी, कारण समोरासमोर आलेल्या दोन ट्रकांपैकी एकाला दरीत जावं लागेल इतकाच तो रस्ता रुंद आहे. गुरुवारी अर्धं चढायचं, शुक्रवारी ढगांत पक्षी बघायचे, शनिवारी संध्याकाळी तुमच्या गावात, आणि रविवारी आंघोळ करून तुमच्या दारात, असा माझा पक्का हिशेब. गावाबाहेर पडतो न पडतो तोच चिक्वा ओरडला. विल्बेरनं इंजिनच बंद केलं. तो हसेल म्हणून आम्ही तासभर वाट बघितली, पण त्यानं पुन्हा पुन्हा आपलंच नाव सांगितलं. ग्रिंगो खाली उतरून आनंदानं त्याचे फोटो काढत होते. मी म्हटलं, विल्बेर, लांबून ओरडला, तो दुसऱ्याच कुणासाठी असेल. विल्बेर म्हणाला, "हे बघ, माझे ब्रेक तसेही अर्धेच आहेत. उरलेले अर्धे या पाखराच्या हातात आहेत." आम्ही माघारी फिरलो. शुक्रवार उतरायचा वार, म्हणजे पुढची गाडी थेट शनिवारी. हा चिक्वा खरा होता माई, चार परदेशी साक्षीदार आणि सत्तावीस फोटो आहेत.

शनिवारी ढगांतल्या रानात पोचलो तेव्हा तुंकी पक्ष्यांचा नाच चालला होता. लालभडक नर एका ओळीत फांद्यांवर वाकताहेत, पंख झटकताहेत, डुकरासारखे ओरडताहेत, आणि मादी बाजूला एका फांदीवर तोंड वाकडं करून बसली आहे, जणू तिला हे सगळं पूर्वीच कुणीतरी बरं करून दाखवलंय. मला तुमची आठवण झाली. (देल्फिना, "फार आदरानं आठवण झाली" असं वाच.) एका नरानं तर इतकं वाकून दाखवलं की तो फांदीवरून घसरला. मला त्याची दया आली. तो बहुतेक माझ्याच वयाचा होता.

तिथून उजेड आहे तोवर आणखी वर सरकावं म्हणून मी ग्रिंगोंना घाई करत होतो, आणि नेमका एक टूकान येऊन बसला. एकटा. सेन्योरा मार्गारेटनी वही उघडली, बोट ठेवलं आणि सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. मी म्हटलं, बाई, हा शकुन तेवढा पक्का नाही. त्या म्हणाल्या, "सातुर्निनो, स्वतःच्या पूर्वजांचा असा अपमान करू नये." आता पूर्वज कुठले, मी तो शकुन कांदा चिरता चिरता बनवला होता. पण ते कुठल्या तोंडानं सांगणार? दुसरा टूकान येईपर्यंत आम्ही तीन तास चिखलात उभे राहिलो. सगळ्यांचे पाय बधिर झाले आणि पहिलं पाऊल टाकताच मीच तोंडावर पडलो. बाईंनी तेही लिहून घेतलं आणि माझ्या शकुनापुढे बरोबरची खूण केली.

शेवटी रविवार. पहाटेच निघालो, काहीही झालं तरी तीनच्या आत पोचायचं म्हणून. घाटमाथ्यावर पोचलो, ढग खाली राहिले, ऊन पडलं, आणि समोरच्या खुंटावर भर दिवसा घुबड. मुठीएवढं, पण डोळे असे मोठे. माझ्याकडे बघून ते तीनदा बोललं. यावर मी काय करणार होतो? तुमच्या घरात मी घुबडाचा शब्द मोडून पाऊल टाकलं असतं तर तुम्हीच मला कधी क्षमा केली नसतीत. तेव्हा मी जड मनानं ट्रकमधून उतरलो, विल्बेर ग्रिंगोंना घेऊन पुढे कुस्कोला गेला, आणि मी खाली जाणाऱ्या लाकडाच्या ट्रकवर बसून इथे परत आलो. दोष असलाच तर घुबडाचा आहे. विश्वास ठेवावा आणि राग असला तर तो थंडीच्या दिवसांत गुडघ्याला चांगला नसतो, हे ध्यानात घ्यावं.

तुमच्या दारापासून आदरानं दूर असलेला,
सातुर्निनो चांपी

ता. क. सोमवार संध्याकाळ. विल्बेर आत्ताच वरून उतरला. त्यानं तुमच्या गावात ऐकलं की काल तुम्ही सहा वाजेपर्यंत दारात बसून होतात आणि शेजारणी गेल्यावरसुद्धा आत गेला नाहीत. हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं तुम्ही सव्वातीनला दार लावून घ्याल आणि सुटले म्हणाल. माझी विनंती एवढीच, की अन्सेल्मोला बुधवारऐवजी नंतरचा कुठलाही वार द्यावा आणि मला पुढचा रविवार द्यावा. उद्या मंगळवार, चढायचा वार. विल्बेर पत्र घेऊन येईल.

ता. क. दुसरा. मंगळवार सकाळ, ढगांतल्या रानात, चहाच्या थांब्यावर. मीही ट्रकमध्ये आहे, फक्त अर्ध्या वाटेपर्यंत. विल्बेरनं पत्र वाचलं आणि हसण्यासाठी त्याला ट्रक बाजूला घ्यावा लागला. तो म्हणतो, घुबडाचा मजकूर आहे तसा राहिला तर मी पत्र पोचवणार नाही, मला त्या घरातून देल्फिनाच्या भट्टीतला पाव अजून आयुष्यभर घ्यायचाय. तेव्हा सांगतो. घाटमाथ्यावर घुबड नव्हतं. खुंटही नव्हता.

ता. क. तिसरा. घाटमाथा. (अर्ध्या वाटेवर उतरायचं राहून गेलं.) उसाच्या दारूची बाटली थोडी कमी भरेल. इथे धरतीला तिचा वाटा ओतून द्यावा लागला आणि धरतीनं जे नाकारलं ते विल्बेरनं घेतलं. आता पूर्ण खरं लिहितो. रविवारी अडीच वाजता आम्ही पुलापर्यंत आलो होतो. पुलावरून तुमचं निळं दार दिसतं. तुम्ही दारात बसून सुरीनं बटाटे सोलत होतात, आणि एक बटाटा झाला की वर रस्त्याकडे बघत होतात. तेवढ्यात माझ्या तोंडासमोर एक हमिंगबर्ड येऊन थांबला. हलेचना. सेन्योरा मार्गारेटनी वही काढली आणि म्हणाल्या, "स्वागत होणार. जा, सातुर्निनो." तो शकुन मी बनवलेला नव्हता, आणि तरी माझी पाचावर धारण बसली. स्टोव्ह मागे राहिला असं सांगून मी दुसऱ्या बाजूनं उडी मारली आणि पहिला दिसलेला उतरता ट्रक पकडला. स्टोव्ह माझ्या हातात होता.

माई, मला तुमची भीती वाटते हे खरं, पण तेवढ्यानं मी पळालो नसतो. बावन्न वर्षांत मला कुणी नाही म्हटलेलं नाही, कारण मी कुणाला कधी काही विचारलंच नाही. देल्फिनावर माझा जीव आहे. सात वर्षं मी तिच्याकडून दर खेपेला लागतो त्याच्या दुप्पट पाव नेतो आणि निम्मा कोंबड्यांना घालतो. तुम्ही नाही म्हणालात तर मला तो पावही नेता येणार नाही. (देल्फिना, हे कंसात लिहिणार होतो, पण राहू दे. मोठ्यानं वाच.)

ता. क. चौथा. पूल. विल्बेर पत्र घेऊन एकटाच तुमच्याकडे येतो आहे. मला पुढचा रविवार नको आणि माफीही नको. मी ट्रकमध्ये केळ्यांच्या घडांमागे बसलो आहे, धुतलेला सदरा घातलेला आहे, आणि माझे मला पाय उचलत नाहीत. तुम्ही दारात येऊन एकदा फक्त माझं नाव घेऊन हाक मारा. शिवी घालून मारलीत तरी चालेल. या वेळी मी ऐकू आलं नाही असं म्हणणार नाही.