डबी बंद करण्याआधी

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादास,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. बाबांचे गुडघे जरा बरे आहेत, पण नवी कवळी टोचते म्हणून ती बनवणाऱ्याला रोज सकाळी शिव्यांची लाखोली वाहतात. चाळीस वर्षं स्वतःच्या लॅबमध्ये लोकांचे दात बनवलेला माणूस, त्याला दुसऱ्याच्या हातचं काय आवडणार! वहिनीला आणि पोरींना आठवण काढली म्हणून सांग.

तू म्हणशील, फोन हाताशी असताना हिला पत्र लिहायची दुर्बुद्धी कुठून झाली. एक तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आणि मेल तुझ्या ऑफिसात चार जण वाचतात. हे फक्त तुझ्यासाठी आहे.

आधी कामाचं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या कंपनीने पैसे गुंतवायचे की नाही, याचं उत्तर तुला सोमवारपर्यंत हवं होतं ना? आजच घे. नाही. तुमचे पैसे मला नकोत.

लगेच कपाळाला हात लावू नकोस. तू माझ्यासाठी शब्द टाकलास, भागीदारांशी भांडलास, सगळं माहीत आहे मला. पण त्या दिवशी काचेच्या खोलीत तुझा तो चष्मेवाला भागीदार काय म्हणाला, आठवतं? "मॅडम, दातांच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर! साडेतीनशे गिऱ्हाइकं! याला आम्ही धंदा नाही म्हणत, छंद म्हणतो." आणि तू हसलास. थोडंसंच, पण हसलास.

मग अटी आल्या. महिन्याची वर्गणी बंद करा, वर्षभर सगळ्यांना फुकट द्या, दवाखाने, औषधांची दुकानं, जो दिसेल त्याला गोळा करा, आणि एकदा सगळे अडकले की मग दर लावा. अडकले! मी तिथे चहाचा कप हातात धरून बसले होते, नाहीतर टेबलावर हात आपटला असता.

माझी गिऱ्हाइकं दर महिन्याला थोडे पैसे देतात, आणि नको झालं तर पुढच्या महिन्यात देत नाहीत. म्हणून मला रोज नीट वागावं लागतं. तेवढ्यावर माझं आणि माझ्या हाताखालच्या दोघींचं घर चालतं. असल्या लहान कामांत गुंतवणूकदारांनी पैसे घालावेत का, असं तू मला गाडीत विचारलंस. घालावेत की! पण मग ते काम लहान राहिलं म्हणून तोंड वाकडं करू नये. तुमच्या पैशाला दहापट व्हायची घाई, आणि माणसाच्या तोंडात दात बत्तीसच. मी वाढवून कुठून आणू?

आता ती शेवटची अट. तयार कवळीची डबी बंद करण्याआधी माझं सॉफ्टवेअर कारागिराला थांबवतं. कवळीवरची खूण आणि चिठ्ठीवरचं नाव मोठ्यांदा वाचायचं, दुसऱ्या माणसाने ऐकून, बघून 'बरोबर' दाबायचं. लॅबमध्ये एकटाच असेल तर दहा मिनिटं थांबून पुन्हा वाचायचं. त्याशिवाय पुढे जाताच येत नाही. चष्मेवाला म्हणाला, "एवढं थांबायला वेळ कुणाला आहे? हे उडवा." मी नाही म्हटलं. नंतर लिफ्टपाशी तू मला म्हणालास, "भिंगरी, बाकी सगळ्यावर वाद घाल गं, पण त्या एका स्क्रीनसाठी काय एवढा जीव टाकतेस?"

मी म्हटलं, गिऱ्हाइकांना आवडते. साफ खोटं. गिऱ्हाइकं कावतात. एक लॅबवाल्या मावशी तर दर आठवड्याला फोन करून मला झापतात. परवा मात्र त्यांचा आवाज अगदी खाली होता. "आज दोन डब्या बदलल्या असत्या गं," म्हणाल्या. "राहू दे तुझं ते थांबवणं." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि रडत बसले.

का, ते सांगते. बावीस वर्षं मूग गिळून गप्प बसले, आता पुरे.

मुख्याध्यापिकाबाईंची कवळी तू विसरला नसशील. त्यांच्या निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी आपल्या लॅबमधून त्यांना भलत्याच माणसाची कवळी गेली. दवाखान्यात ती घासून कशीबशी बसवली. दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात बाईंना दोन वाक्यंसुद्धा बोलता आली नाहीत, हिरड्या सोलून निघाल्या होत्या. बाबांनी तुला विचारलं, "चिठ्ठ्या कोण सांभाळतं?" तू म्हणालास, "मी." "मग उद्यापासून टेबलाला हात लावायचा नाही." तुझ्यासारखं मेणकाम बाबांनाही जमत नव्हतं. महिन्याभरात तू घर सोडलंस.

दादा, त्या दुपारी तू जेवायला गेला होतास. टेबल पुसायला म्हणून मी कवळ्यांचे दोन ट्रे उचलले. पंखा चालू होता, दोन्हींतल्या चिठ्ठ्या उडाल्या. मी त्या परत ठेवल्या. अंदाजाने. अठरा वर्षांची होते मी, काही कुक्कुलं बाळ नव्हते. बाबा तुला बोलत होते तेव्हा मी दाराशी ओलं फडकं धरून उभी होते, आणि माझी दातखिळी बसली होती.

तू अजून चारचौघांत सांगतोस, "माझ्या हाताला भरवसा नाही, म्हणून हातांचं काम सोडून लोकांच्या पैशांचं धरलं." लोक हसतात. मीही हसत आले. तुझ्या हातांना काहीही झालेलं नव्हतं.

अपराधी वाटतं म्हणून पैसे नाकारते, असं मात्र समजू नकोस. तसं असतं तर तुझ्या शब्दाखातर मुकाट्याने सही केली असती, ते सोपं होतं. ती स्क्रीन बरोबर आहे, माझी वर्गणी बरोबर आहे आणि तुझा चष्मेवाला चुकतोय. हे मी त्याला त्याच्याच काचेच्या खोलीत येऊन पुन्हा सांगेन. फक्त तुझ्याशी मान वर करून भांडायचं, तर हे आधी सांगायला हवं होतं.

रविवारी सकाळी बाबांना सांगणार आहे. तू आलास तर तुझ्यासमोर, नाही आलास तर तुझ्या माघारी, पण सांगणार. यानंतर तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी मी तुला बोल लावणार नाही. मला फार वाईट वाटेल. आणि पैसे तरीही घेणार नाही.

पत्र मोठ्यांदा वाचून पाहिलं. दहा मिनिटं थांबून पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा एकही शब्द बदलावासा वाटला नाही. पण खोलीत मी एकटीच आहे, आणि 'बरोबर' म्हणायला खरं तर दुसरं माणूस लागतं.

त्या चिठ्ठ्या तू बदलल्या नव्हत्यास.

त्या बदलणारी,
तुझी भिंगरी