निळ्या ओळी

१४ मार्च, दुपार

प्रिय धाकटे,

आशीर्वाद लिहावेत इतकी मी अजून म्हातारी झालेले नाही, म्हणून नुसतंच प्रेम. इकडे सगळं ठीक. छापखान्यात कामाचा ढीग पडलाय. एका जाडजूड शब्दकोशाची मुद्रितं तपासते आहे, त्यामुळे जेवतानाही डोळे मिठाच्या पुडीवरच्या चुका शोधत असतात. जिन्यातला दिवा एकदाचा दुरुस्त झाला. आई बरी आहे.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. खोडत नाही, पण ते पुरेसं खरं नाही. तू फोन घेत नाहीस, म्हणून इथेच सांगते. हिवाळ्यात आईला पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय पुष्कळ सुधारलेत, वेणीसुद्धा स्वतःची स्वतः घालते. वाचा मात्र गेली. एकच शब्द उरलाय, ‘हो’. कॉफी हवी? हो. नको? हो. बाहेर लख्ख ऊन असताना मी मुद्दाम विचारलं, “पाऊस पडतोय का गं?” हो. आणि म्हणताना तिला स्वतःलाच कळतं की हे नव्हतं म्हणायचं. डोळे भरून येतात. असली परीक्षा पुन्हा घेऊ नये असं मी दर वेळी ठरवते, आणि घेते.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, “बोलणं हरवलं तरी कधीकधी गाणं शाबूत असतं. पाठ असलेली गाणी म्हणवून घ्या.” आईची पाठ गाणी कोणती, ते तुला काय सांगायचं! शिवणाच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलावर टेप ठेवून, इंग्रजीचा गंध नसताना घोकलेली. ती काजं करायची, तू बटणं लावायचीस, आणि दोघी मिळून कुठल्या कुठल्या गोऱ्या बायकांच्या प्रेमभंगावर घसे ताणायचात. मी आतून ओरडायचे, “अभ्यास होत नाहीये माझा!” आई म्हणायची, “मग कानात कापूस घाल.”

तर आम्ही कराओकेला जायला लागलो. हस नकोस. चपलांच्या दुकानावर एक खोली आहे, लाल रेक्झिनच्या खुर्च्या, दुपारी अगदी रिकामी. भिंतीवर ‘बायकांची आवडती इंग्रजी गाणी’ अशी यादी चिकटवलीय. मालकीण मोठी बोलकी. आईला म्हणाली, “मावशी, यात दोनच प्रकार. त्याला हाकलून द्यायची, नाहीतर परत बोलवायची. बायका पहिलं हाकलायचं घेतात. मग पाणी पितात नि बोलवायचं लावतात.”

आई हसली. आजारानंतर पहिल्यांदा.

पण गाणं जमेना. शब्द येत होते, अगं, पुरे शब्द! पण पहिल्या कडव्यातच मशीन पुढे निघून जायचं आणि आई मागे राहायची, बस सुटलेल्या माणसासारखी. मग माईक मांडीवर ठेवून गप्प. बरेच बुधवार असेच गेले. मला वाटलं, संपलं.

आणि एकदा मुद्रितं वाचता वाचता आपला टेप आठवला. त्याचा पट्टा सैल होता, म्हणून तो हळू चालायचा. आपल्या घरातली सगळी गाणी हळू आणि खालच्या, ढाल्या आवाजातली होती, आणि आपल्याला ती तशीच असतात असं वाटायचं. कॉलेजात पहिल्यांदा खरं ऐकून तू किती तणतणत घरी आली होतीस! “या लोकांनी आपलं गाणं बिघडवलंय!”

मालकिणीला म्हटलं, वेग कमी करा, सूरही खाली घ्या. ती म्हणाली, “अजून हळू? ताई, झोप लागेल हो गाण्याला!” पण केलं. आणि आई गायली. सबंध गाणं. तोच आवाज, काजं करतानाचा. मालकीण दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी पुसतसुद्धा नव्हते.

इथपर्यंतच लिहून थांबायचा विचार होता.

त्यानंतर मालकिणीने ते दोन मैत्रिणींचं गाणं लावलं. एक विचारते, दुसरी उत्तर देते, ते. पडद्यावर एकीच्या ओळी पिवळ्या, दुसरीच्या निळ्या. आईने पिवळ्या म्हटल्या. निळ्या आल्या आणि ती थांबली. शब्द एकेक करून रंगत गेले, कुणी म्हणेना. आई शेजारच्या खुर्चीकडे बघत राहिली. पिवळी ओळ येताच तिने बरोबर ठेक्यावर उचलली. पुन्हा निळी, पुन्हा गप्प.

“अहो, तुम्ही म्हणा की निळं!” मालकीण म्हणाली. मी दुसरा माईक उचलला. माझं गाणं तुला ठाऊक आहे. आईने माईक माझ्या हातातून काढून घेतला. रागाने नाही. आणि त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

याचा अर्थ मी लावत नाही, तूही घाईने लावू नकोस. उपचारवाल्या बाई म्हणतात, गाणं जसं पाठ झालं तसंच येतं, मोकळ्या जागेसकट. किंवा मी फारच बेसूर असेन. नवऱ्याचं घर सोडून तू बॅग घेऊन दारात आलीस, तेव्हा आई म्हणाली होती, “तुझा आवाजसुद्धा ऐकायचा नाही मला.” बोलता येत होतं तोवर तिने ते मागे घेतलं नाही. आता घ्यायचं असलं तरी तिला घेता येणार नाही, आणि तिच्या वतीने ते मी कसं घेऊ?

विचारलं मी तिला. “धाकटीला बोलवू?” हो. “नको बोलवू?” हो. दोन्ही वेळा डोळ्यांत तेच पाणी.

लिहिणाऱ्याचा शब्द पुसट झाला तर तपासणाऱ्याने आपल्या मनचा घालायचा नसतो. म्हणून मी ‘ये’ असं लिहीत नाही.

आम्ही बुधवारी दुपारी तिथे असतो. मालकीण आता वेग आधीच कमी करून ठेवते. परवा तिने विचारलं, “मावशी, खुर्चीवरचा माईक बंद करू का? उगाच घुमतोय.”

आई म्हणाली, “हो.”

मी तो चालूच ठेवायला सांगितला.

तुझी बेसूर,
ताई