वाणाच्या अकरा कॅसेटी

२ जानेवारी १९९४, रविवार
वाळूजला आमच्या कंपनीत आलेला जर्मन इंजिनीअर परत जाताना मला एक कॅसेट देऊन गेला. नाचायचं संगीत. गाणं नाही, चाल नाही. पत्र्यावर घण, मध्येच शिट्टी, मग सतरा मिनिटं नुसता ठोका. तीनदा ऐकली. मराठवाड्यात हे कळणारा मी एकटाच असावा. मुक्तालाही कळेल. लग्नाला आठच महिने झालेत.

५ जानेवारी
खालून घरमालकीण वच्छलाबाई आल्या. म्हणाल्या, पंप बिघडला का तुमचा? संगीत आहे, म्हणालो. म्हणाल्या, मंग तर दुरुस्तीबी व्हायची नाय.
संकल्प : आवाज कमी करायचा नाही. कमी केला की त्यात काही उरतच नाही.

८ जानेवारी
जेवताना मुक्ता म्हणाली, एक तर ते ठेवा, नाय तर मला. संक्रांतीचं हळदीकुंकू होऊ द्या, मंग मी पाचोडला जाते. पाचोड तिचं माहेर.
विषय तिनं स्वतःहून काढला. चांगली खूण.

१० जानेवारी, सकाळी
युक्ती सुचली. रविवारी तिचं पहिलं हळदीकुंकू. अकरा बायका येणार. वाण म्हणून तिला स्टीलच्या वाट्या द्यायच्यात. आणायचं काम माझ्याकडे. वाट्या कुणीही देतं. औरंगपुऱ्यात त्याच संगीताच्या अकरा कॅसेटी भरायला टाकल्या. बायकांनी वाखाणल्यावर मुक्ता काय बोलणार?
दुकानदारानं दोनदा विचारलं, साहेब, पूर्ण भरू?

१४ जानेवारी, संक्रांत
विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं. त्यासाठी माणसं सोळा वर्षं हटली नाहीत. माझे तर बाराच दिवस झालेत.
मुक्तानं वाट्यांचं विचारलं. आणल्यात, म्हणालो. तिनं तिळगूळ दिला.

१६ जानेवारी
ऐनवेळी पिशवी तिच्या हातात दिली. नामांतरामुळे शहरात बंदोबस्त, दुकानं बंद. दुसरं काही आणणं शक्य नव्हतं. मुक्तानं आत पाहिलं आणि पिशवी बाहेर बायकांकडे घेऊन गेली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. शेजारच्या आवडाबाई म्हणाल्या, अगं बाई, आमच्यात टेप कुठंय? बाकीच्या हसल्या. आनंदानं, असं धरतो.

१९ जानेवारी
वच्छलाबाईंनी त्यांच्या कॅसेटवर भजनं भरून घेतली. म्हणाल्या, कॅसेट लई चांगली निघाली.
दुपारी मुक्ताचा भाऊ सांडू येऊन तिला घेऊन गेला. जाताना ती म्हणाली, दिलेलं वाण परत मागत नसतेत, नाय तर दारोदार फिरून आणलं असतं.
आठ दिवसांत येईल. तोवर मोकळेपणी ऐकता येईल.

३० जानेवारी, संध्याकाळी
पाचोडला फोन लावला. सांडू म्हणाला, ताई रानात गेली. मागं तिचा आवाज येत होता. मी म्हणालो, बरं, आल्यावर सांगा.
कॅसेट लावली. पहिली बाजू निम्मी झाली आणि मी टेप बंद केला.
आवाज थांबला म्हणून वच्छलाबाई वर आल्या. म्हणाल्या, आली व्हय मुक्ता?
मी दार अर्धंच उघडलं होतं. झोपलीय, म्हणालो.