रेडियमच्या चाळीस टिकल्या

९ नोव्हेंबर, शनिवार
पोहोचलो एकदाचा. माजरीच्या कोळशाच्या धुळीतून थेट एटापल्लीच्या रानात, नाकाले हवा ओळखायलेच दोन दिवस लागतीन. कॅम्पचे मॅनेजर श्रीहरी साहेब भला माणूस. माझं काम मजेचं आहे, नागपूरच्या पाहुण्यांसाठी रातचं जीओकॅशिंग. झाडाझाडाले रेडियमच्या टिकल्या टोचायच्या. टॉर्च मारला का चमकतात, त्यांच्या मागं मागं जात लपवलेला डबा शोधायचा आणि आतल्या वहीत नाव लिहायचं. सोबतीले बुधूभाऊ, इथलाच, पन्नाशीचा, बोलणं कमी. त्याची बहीण कलाबाई स्वयंपाक करते. आल्या आल्या तिनं भाकरीवर जवसाची चटणी वाढली अन् म्हणे, पोरा, लाजू नको. मी कायचा लाजतो, चार भाकरी हाणल्या.

१२ नोव्हेंबर
चाळीस टिकल्या टोचून झाल्या. डब्याले जागाही झकास भेटली. पायवाटेच्या वळणावर कमरेएवढा दगडांचा ढीग आहे. बुधूभाऊ बाजारात गेला होता, मी एकटाच होतो. वरचे दगड काढून नाल्यात फेकले आणि मधात डबा बसवला.

१४ नोव्हेंबर
पाहुणे डबा शोधून आले, भलते खूश. सकाळी कलाबाई चुलीपाशी रडत होती. बुधूभाऊनं सांगितलं, तो दगडांचा ढीग म्हणजे तिच्या माणसाले वाघानं नेलं ती जागा. जाणारा-येणारा तिथी एक दगड ठेवते, अठरा वर्षं झाली. दगड असले का मेलेला एकटा पडत नाई, काढले का सोबत शोधते. आमच्या घरी भूतखेत कोणी मानत नाई, मीही नाई. पण ही तर बाईच्या माणसाची खूण होती. मी काढले, एवढंच सांगायचं होतं. उठून टॉर्च चार्जिंगले लावला.

१५ नोव्हेंबर
गावचे लोक आले. साहेबांनी सगळ्यांपुढं विचारलं, कोणाचं काम. नोकरीले आठवडाच झाला. मी म्हणलो, बुधूभाऊनंच जागा दाखवली, दगडही त्यानंच काढले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. त्याले कामावरून काढलं.
रातच्याले कलाबाईनं मले गरम भाकर वाढली. म्हणे, बुधू असं करन वाटलं नव्हतं, पण तू काऊन उपाशी राहतं. मी खाल्ली. याची लाज जास्त वाटते.

१७ नोव्हेंबर
बुधूभाऊ काल सांजेले दगड रचायले गेला, तो परतला नाई. सारं गाव शोधून राह्यलं. मीही शोधलं, सगळ्यांले ऐकू जाईन अशा हाका मारत. ढीग अर्धा रचलेला. डब्यातल्या वहीत पाहुण्यांच्या नावांखाली मातीचा एक अंगठा. बुधूभाऊ हजेरीलेही अंगठाच लावते. मी पान फाडून खिशात टाकलं. कोणाले दाखवलं नाई. काऊन नाई, ते मले माहीत आहे.

१८ नोव्हेंबर
फाटकातून टॉर्च मारला तर सहा टिकल्या दिसतात. आज सात होत्या.

१९ नोव्हेंबर
अकरा. टॉर्च बंद केला. तरी चमकत होत्या — उजेड पडल्याशिवाय त्या चमकत नाई, हे मीच पाहुण्यांले सांगतो.
फाडलेल्या पानावर दोन अंगठे झाले. दुसरा कोणाचा —

२० नोव्हेंबर
साहेबांले खरं सांगायले निघालो. दारापर्यंत गेलो. ते जेवत होते. परत आलो.
टिकल्या आता खिडकीबाहेर. तिथी झाडच नाई.

२१ नोव्हेंबर
ढिगापाशी आहे. ही डायरी सोबत आणली. नाल्यातले दगड उचलून ठेवून राह्यलो. मी एक ठेवतो — मागून कोणी एक ठेवते. वळलो नाई.
भाऊ, चुकलो म्हणलो. मोठ्यानं. ठेवणं थांबलं —
माझ्या अंगठ्याले ओली माती. मी तर खिशातल्या पानाले हात —
कलाबाईसाठी लिहून ठेवतो. डब्यात भेटन तिले. बाई, तुमच्या माणसाचे दगड बुधूभाऊनं नाई काढले. ते काढले