पेन्सिलीनं भरलेले फॉर्म

सर, काल आपल्या विभागात तुमची तसबीर लागली. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, शहराचं नाव बदललं, तुमचं कौतुक मात्र आहे तिथंच आहे. "निर्भीड संशोधक," असं पाहुणे म्हणाले आणि मला हसू फुटलं. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय, त्यांनी रुमाल पुढं केला. तुम्ही आणि निर्भीड! उस्मानपुऱ्याच्या घरी कुणी पुढारी यायचा असला की तुम्ही बैठकीतले फोटो बदलायचात, तो कोणत्या पक्षाचा ते बघून. स्टूल धरायला मीच असायची.

तुमचा तो गाजलेला अभ्यास आठवतो. शिकलेल्या माणसाला नोकरी कशानं लागते, हे शोधायचं होतं. मी तुमची मदतनीस, लासूर स्टेशनची, आमच्या भावकीत एम.ए. झालेली पहिली मुलगी. तुमचा नियम असा, की गावात फॉर्म पेन्सिलीनं भरायचा आणि रविवारी तुमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यावर शाई चढवायची. "घाईत चुका होतात गं," म्हणायचात. मला केवढं कौतुक त्याचं! गावोगाव सांगत फिरायची, आमचे सर लई काटेकोर.

खुलताबादला वेशीजवळ एक बाई वह्या-पेनांचं दुकान चालवायची. बी.एड. झालेली. मी विचारलं, मास्तरीण का नाही झालात? तिनं आधी मला नीट निरखून बघितलं.

"शाळा ज्यांची, इलेक्शन बी त्यांचंच. मुलाखतीत माझा पहिला नंबर व्हता. पण माझा भाऊ त्यांच्या प्रचाराला नाय गेला. जी लागली, तिचं सगळं घर जीपमधी बसून फिरलं. लिहा हे."

मी लिहिलं. ती वाकून बघत होती.

"ताई, पेन्सिलीनं कामून? उद्या कुणी खोडलं म्हंजे?"

"नाय खोडत हो. छापून येईल, बघा तुम्ही."

तिनं कपाटातलं नवं पेन काढलं, दौतीतून शाई भरली, फडक्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "मग यानंच पक्कं करा," म्हणाली. पैसे घेतले नाहीत.

तो रविवार तर मी विसरूच शकत नाही. काकूंनी पोहे आणून ठेवलेत, आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून तिचा फॉर्म वाचताय. वाचता वाचता तुमचं खाणं थांबलं. ज्यांची ती शाळा, त्यांचंच कॉलेज, आणि त्याच कॉलेजात प्राचार्य व्हायला तुम्ही देव पाण्यात घालून बसलेला.

"हे मत झालं," तुम्ही म्हणालात. "मत म्हणजे माहिती नव्हे." कारणांच्या यादीत सगळ्यात खाली 'इतर' होतं, त्यावर बोट ठेवलंत. "इथं टाक."

"सर, पण असं सांगणाऱ्यांचा गठ्ठा आहे."

"मग गठ्ठाच 'इतर'मध्ये टाक." आणि पोह्यांवर लिंबू पिळलंत.

अहवालात काय निघालं? शिक्षण वाढलं की नोकरीची शक्यता वाढते. वा रे संशोधन! एवढ्यासाठी मी एसटीच्या धुळीत हाडं खिळखिळी करून घेतली? आमच्या म्हशीला विचारलं असतं तरी तिनं मान हलवून हेच सांगितलं असतं. पुढं तुम्ही प्राचार्य झालात, आणि त्याच कॉलेजात मी लेक्चरर लागले. मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, "सर बरे आहेत ना?" बाहेर बाकावर पाच-सहा पोरी फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या. त्यांचं पुढं काय झालं, मी कधी विचारलं नाही.

जन्मभर मी तुमच्या नावानं बोटं मोडली. स्टाफरूममध्ये, जेवताना, लग्नाकार्यात. थू तुमच्या विद्वत्तेवर, असं काल तसबिरीपुढं उभं राहूनही मनात म्हटलं. तुम्हाला लिहिलेले हे कागद तुमच्या मुलीच्या पत्त्यावर टाकावेत असं वाटलं होतं, पण नको. त्यात एक गोष्ट आहे, ती तिनं वाचू नये. मी सगळ्यांना सांगत आले की सरांनी खोडलं. तुम्ही खोडलं नव्हतंत, सर. तुम्ही नुसतं बोट ठेवलं होतं. रबर मी फिरवलं. आणि वर 'इतर' लिहिलं ते त्या बाईनं दिलेल्या पेनानं, तिनंच भरलेल्या शाईनं.